नवी मालिका की जुनेच यंत्र? तंजावरच्या निमित्ताने एक हिशेब

तमिळनाडू सरकारने 5 जानेवारी 2026 रोजी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटण्याची योजना नव्याने सुरू केली. तिचे नाव ‘उलगम उंगळ कैयिल’, म्हणजे जग तुमच्या हातात. 2025-26 च्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी 2000 कोटी रुपयांची तरतूद होती, दोन वर्षांत 20 लाख विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचायचे ठरले होते आणि पहिल्या टप्प्यात 10 लाख लॅपटॉप द्यायचे होते. कावेरीच्या खोऱ्यातल्या तंजावर, कुंभकोणम, पट्टुकोट्टै या गावांतल्या अनेक घरांत मात्र लॅपटॉप ही नवी वस्तू नाही. 15 सप्टेंबर 2011 रोजी जयललिता यांच्या सरकारने सुरू केलेल्या पहिल्या योजनेतले यंत्र थोरल्या भावाला किंवा बहिणीला मिळाले होते आणि ते आजही कपाटात किंवा टेबलावर आहे. एकाच घरात स्वस्त लॅपटॉपच्या दोन पिढ्या शेजारी-शेजारी आल्या आहेत. म्हणून प्रश्न साधा असला तरी टाळता येत नाही: नवी मालिका जुन्यापेक्षा खरोखर किती चांगली आहे आणि जुनी यंत्रे मोडीत काढण्याइतकी निकामी झाली आहेत का?

हा प्रश्न तंजावरपुरता नाही. पुण्यात, नांदेडमध्ये किंवा बेळगावात जून महिन्यात दुकानात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक पालकासमोर हाच पेच असतो. एका बाजूला यंदाचे मॉडेल, दुसऱ्या बाजूला सवलतीत मिळणारे दोन-तीन वर्षांपूर्वीचे, आणि तिसरीकडे घरातले जुने यंत्र दुरुस्त करून वापरण्याचा पर्याय. तंजावरचे उदाहरण एवढ्यासाठी उपयोगी, की तिथे या सगळ्या पिढ्या हजारो घरांत एकदम दिसतात आणि ज्याच्या हातात यंत्र आहे त्याला दुसरे विकत घेणे सहसा परवडणारे नसते. चूक झाली तर ती तीन-चार वर्षे सोसावी लागते.

आधी नव्याची बाजू. पहिल्या योजनेच्या सुरुवातीच्या यंत्रांत 2 जीबी रॅम आणि 320 जीबीची हार्ड डिस्क होती. शेवटच्या काही वर्षांत वाटलेल्या लेनोवोच्या ई41 मालिकेत एएमडीच्या ए मालिकेतले प्रोसेसर, 4 जीबी रॅम आणि 500 जीबीच्या आसपासची फिरती डिस्क आली. नव्या योजनेत डेल, एसर आणि एचपी यांची यंत्रे आहेत. इंटेल आय3 किंवा एएमडी रायझन 3 प्रोसेसर, 8 जीबी रॅम आणि 256 जीबीची एसएसडी. कागदावर साठवण निम्मी झालेली दिसते, पण वापरणाऱ्याला सर्वांत मोठा फरक जाणवतो तो इथेच. फिरती डिस्क सेकंदाला साधारण शंभर मेगाबाइट वाचते आणि विखुरलेल्या लहान फायली वाचताना त्याहून कितीतरी मंद होते. साधी साटा एसएसडी त्याच्या पाचपट वेगाने वाचते आणि एनव्हीएमई प्रकारची एसएसडी त्याहूनही पुढे जाते. जुने यंत्र सुरू करून ब्राउझर उघडेपर्यंत जी काही मिनिटे जात, ती आता सेकंदांवर आली आहेत. ऑनलाइन फॉर्मची मुदत संपत आलेली असताना किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री ही काही मिनिटे क्षुल्लक नसतात.

दुसऱ्या बाजूने पाहता, जुन्या यंत्राची मंदपणाची तक्रार बऱ्याच अंशी त्या एकाच भागाची तक्रार आहे. तो भाग बदलता येतो. पाठीमागचे झाकण काढले, की हार्ड डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत बसवलेली दिसते. चार स्क्रू काढायचे, ती सरकवून बाहेर घ्यायची आणि त्याच मापाची अडीच इंची एसएसडी तिथे बसवायची. रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या खटक्यांत अडकवलेली असते. खटके बोटांनी बाजूला केले, की ती तिरकी वर येते. 2011 च्या सुमाराच्या बहुतेक यंत्रांची बॅटरी तर पेचकसाशिवायच निघे. हे काम करणारा दुरुस्तीवाला तालुक्याच्या गावातही सापडतो. नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात जुने यंत्र रोजच्या कामाला पुरेसे चपळ होते. जुन्याच्या बाजूने बोलणारे लोक हळवेपणाने बोलत नाहीत. त्यांच्याकडे हिशेब आहे.

मात्र या हिशेबात एक कलम असे आहे, की ते स्क्रू काढून बदलता येत नाही. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टने घातलेल्या अटींत 4 जीबी रॅम आणि 64 जीबी साठवण या किरकोळ आहेत. खरी अडचण टीपीएम 2.0 या सुरक्षा-घटकाची आणि प्रोसेसरच्या यादीची. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक सगळे प्रोसेसर आणि एएमडीची ए मालिका त्या यादीबाहेर राहते. म्हणजे पहिल्या योजनेतली जवळजवळ सगळी यंत्रे अधिकृतपणे विंडोज 11 घेऊ शकत नाहीत. ज्या यंत्रावर बँकेचा व्यवहार होतो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो आणि आधारची कागदपत्रे साठवलेली असतात, ते सुरक्षेच्या दुरुस्त्यांविना चालू ठेवणे हा धोका आहे. तो एखाद्या दिवशी दिसत नाही, पण दिवसागणिक वाढतो.

असे असले तरी विंडोज हा एकमेव मार्ग नाही, आणि हे तमिळनाडूच्या विद्यार्थ्यांना इतरांपेक्षा अधिक ठाऊक आहे. सरकारी लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला बॉस लिनक्स दिले जाई. सी-डॅकने तयार केलेली ही भारतीय प्रणाली नव्या यंत्रांवरही आहे. हलके लिनक्स 4 जीबी रॅम आणि एसएसडी असलेल्या जुन्या यंत्रावर व्यवस्थित चालते, त्याला नियमित सुरक्षा दुरुस्त्या मिळतात आणि लिहिणे, वाचणे, कोष्टके, व्हिडिओवरचे तास, प्रोग्रॅमिंगचे प्राथमिक धडे एवढे सगळे त्यावर होते. अडते ते विशिष्ट ठिकाणी: वाणिज्य शाखेतल्या विद्यार्थ्याला टॅली लागते, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ऑटोकॅड, आणि काही ऑनलाइन परीक्षांची पहारा ठेवणारी सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालतात. शिवाय लिनक्स बसवून देणारे, अडले तर सोडवणारे माणूस जवळ लागते. ज्याच्या कॉलेजात असा शिक्षक किंवा मित्र आहे, त्याला हा पर्याय खरा आहे; ज्याला तो नाही, त्याच्यासाठी तो कागदावरचाच राहतो.

आता नव्या मालिकेतल्या नावांकडे पाहू, कारण बाजारात खरेदी करणाऱ्याची फसगत इथेच होण्याचा संभव अधिक. एएमडीचा रायझन 3 7320यू हा प्रोसेसर स्वस्त लॅपटॉपांत सर्रास दिसतो. सुरुवातीचा 7 पाहून तो अगदी ताजा वाटतो. पण एएमडीच्या त्या क्रमांकपद्धतीत आतल्या रचनेची पिढी तिसरा आकडा सांगतो. इथे तो 2 आहे, म्हणजे झेन 2, आणि ही रचना 2019 ची. इंटेलनेही 2024 मध्ये ‘आय’ गाळून कोअर 3 100यू असे नाव दिले. पण त्याची आतली मांडणी तेराव्या पिढीची आणि गाभे 2022 च्या आय3-1215यू इतकेच, दोन मोठे व चार लहान. म्हणून ‘यंदाचे मॉडेल’ आणि ‘दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल’ यांच्यात कित्येकदा वेष्टनावरच्या नावापलीकडे फारसा फरक नसतो. सवलतीत मिळणारे आधीचे मॉडेल घेणारा ग्राहक मागास ठरत नाही; अनेकदा तोच शहाणा ठरतो.

याउलट, या बारकाव्यांचा अर्थ नव्यात काहीच नवे नाही असा काढणेही योग्य नव्हे. 2020-21 मधल्या आय3-1115जी4 या प्रोसेसरमध्ये दोनच गाभे होते. झेन 2 ची रचना जुनी असली तरी 7320यूमध्ये चार गाभे आहेत आणि तो विजेवर बेताने चालतो. आय3-1215यूचे सहा गाभे व्हिडिओचा तास, ब्राउझरच्या दहा खिडक्या आणि वर्डमधला निबंध एकदम सांभाळतात. पहिल्या योजनेतल्या ए मालिकेशी तुलना केली तर अंतर इतके मोठे आहे, की आकडे देण्याचीही गरज नाही. थोडक्यात, दोन-तीन वर्षांच्या अंतरात फरक लहान, पण आठ-दहा वर्षांच्या अंतरात तो निर्णायक. तंजावरच्या घरांतली तुलना बहुतांशी या दुसऱ्या प्रकारची आहे.

पण याच नव्या मालिकेत एक गोष्ट मागे गेली आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करता कामा नये. 7320यू असलेल्या लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डावरच सोल्डर केलेली असते. झाकण उघडले तर प्रोसेसरच्या शेजारी काळ्या चौकोनी चिपा दिसतात. खाच नाही, खटके नाहीत. 2021 च्या सुमारास मिळणाऱ्या, अकराव्या पिढीच्या आय3 वरच्या लेनोवो आयडियापॅड 3 मध्ये 4 जीबी सोल्डर केलेली असली तरी एक मोकळी खाच असे आणि त्यात नंतर पट्टी घालता येई. त्याच मालिकेतल्या 7320यूवरच्या आयडियापॅड स्लिम 3 मध्ये ती खाच राहिलेली नाही. आज 8 जीबी पुरते. चार वर्षांनी पुरेल असे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पूर्वी अपुरी रॅम ही हजार-दोन हजारांची अडचण होती, आता ती यंत्र बदलण्याचे कारण होऊ शकते.

या बदलामागे निव्वळ कंजुषी आहे असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. सोल्डर केलेली एलपीडीडीआर प्रकारची रॅम वीज कमी खाते, वेगाने चालते आणि यंत्र बारीक ठेवते. जुन्या यंत्रांचे वजन सव्वादोन किलोच्या आसपास असे. आजची दीड किलोच्या जवळ आली आहेत. ओरत्तनाडू किंवा पापनाशमहून रोज बसने तंजावरला येणाऱ्या मुलीच्या खांद्याला हा फरक कळतो. टाइप-सी चार्जर चालत असेल तर स्वतंत्र जाड चार्जरही वाहावा लागत नाही. पण बारीक होण्याचीही किंमत असते. स्वस्त लॅपटॉपची बिजागरी धातूची असली तरी तिचे स्क्रू प्लास्टिकमध्ये रोवलेल्या पितळी बुशांत बसतात. एका कोपऱ्याला धरून पडदा उघडण्याची सवय असेल तर दोन-तीन वर्षांत बूश उपटून येतात आणि कडेचे प्लास्टिक तडकते. जुनी जाड यंत्रे या बाबतीत अधिक सोशीक होती. त्यांत लॅनची खाच आणि प्रोजेक्टरला जोडायची व्हीजीए खाचही होती, आणि कॉलेजच्या वर्गातला जुना प्रोजेक्टर अजून तीच मागतो.

पडद्याबाबतही दोन्ही बाजूंना वजन आहे, आणि इथे तंजावरचे एक खास काम समोर ठेवून पाहता येते. सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजांच्या काळातले मोडी कागद मोठ्या संख्येने आहेत. अशा एका ए4 आकाराच्या पानाची 600 डीपीआयची रंगीत प्रतिमा उघडली, की स्मृतीत ती सुमारे 104 मेगाबाइट जागा घेते. तुलनेसाठी दहा पाने उघडी ठेवली तर एक जीबी तिथेच संपली. 4 जीबीच्या यंत्रात प्रणाली आणि ब्राउझर यांनाच त्यातला बराच भाग लागतो; मग यंत्र डिस्कवर उसनी जागा शोधू लागते आणि पान सरकवले तरी अडखळते. जुन्या पडद्यांचे बिंदू 1366 गुणिले 768, म्हणजे साडेदहा लाखांच्या आत. आज स्वस्त वर्गातल्या बहुतेक यंत्रांचे 1920 गुणिले 1080, म्हणजे जवळपास दुप्पट. मोडीतल्या लपेटदार अक्षरांची ओळ वाचताना आणि शेजारी देवनागरी लिप्यंतर लिहिताना ही जागा थेट कामाची ठरते. मोडीला युनिकोडमध्ये 2014 साली स्थान मिळाले. त्यामुळे ती लिपी टंकित करायची तर अद्ययावत प्रणाली असणेही सोयीचे.

परंतु बिंदू वाढले म्हणजे पडदा चांगला झाला असे नाही. या किमतीतल्या बऱ्याच लॅपटॉपांत टीएन प्रकारचा पडदा असतो आणि रंगांचा पल्ला एनटीएससीच्या 45 टक्क्यांवर थांबतो. थोडे बाजूने पाहिले, की रंग पालटतात. फिकट झालेली शाई आणि कागदावरचा डाग यांतला भेद करताना, किंवा तंजावर शैलीच्या चित्रातल्या सोनेरी वर्खाच्या छटा पारखताना असा पडदा दगा देतो. जुन्यांतही हीच उणीव होती; म्हणजे या एका गोष्टीत दहा वर्षांत सामान्य विद्यार्थ्याच्या वाट्याला फारसे काही आले नाही. ज्याचे काम रंगांचे आहे त्याने यंत्राच्या वर्षापेक्षा पडदा आयपीएस आहे का, हे आधी विचारावे.

आता सार्वजनिक पैशाचा प्रश्न. 2000 कोटी रुपये पहिल्या 10 लाख यंत्रांवर वाटले तर प्रत्येकी 20 हजार होतात. एवढ्या पैशात कॉलेजांतल्या प्रयोगशाळा सुधारता आल्या असत्या, वसतिगृहांत इंटरनेट देता आले असते, किंवा जुनी यंत्रे दुरुस्त करून पुन्हा वाटता आली असती, असा आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे बिनबुडाचे नाही. लॅपटॉपमुळे पर्यावरणावर पडणाऱ्या भाराचा मोठा वाटा त्याच्या वापरात नसून निर्मितीत असतो. टाकून दिलेल्या यंत्रांसाठी 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, पण घरातून निघालेले यंत्र अधिकृत पुनर्वापर केंद्रापर्यंत जाईलच याची खात्री नियमाने होत नाही. जुने यंत्र दोन वर्षे अधिक चालले, तर तेवढे नवे बनवणे लांबते.

तरीही प्रयोगशाळा आणि स्वतःचे यंत्र या एकमेकींच्या जागी बसणाऱ्या गोष्टी नाहीत. प्रयोगशाळा पाच वाजता बंद होते. स्वतःचे यंत्र रात्री घरी असते. कोरोनाच्या काळात पहिली योजना खंडित झाली आणि त्याच काळात शिक्षण पडद्यावर गेले. त्या वर्षांतले विद्यार्थी मोबाइलवर तास ऐकत आणि मोबाइलवरच उत्तरे टंकित करत शिकले. घरात एखादा जुना लॅपटॉप असलाच तर तो बहुधा थोरल्या भावंडाच्या नोकरीच्या कामाला जुंपलेला असे. जुने यंत्र दुरुस्त करा हा सल्ला ज्याच्याकडे यंत्र आहे त्यालाच लागू पडतो. पहिल्या पिढीने कॉलेजात जाणाऱ्या, घरात एकही लॅपटॉप न आलेल्या मुलीला तो देणे म्हणजे तिच्या अडचणीकडे पाठ फिरवणे होय.

दोन्ही बाजू तोलल्यावर आमचा कल नव्या मालिकेकडे आहे. त्याची कारणे तीन: विंडोजचा आधार संपल्याने जुन्या यंत्रांचे उरलेले सुरक्षित आयुष्य बहुतेकांसाठी खरोखरच आखूड झाले आहे, 8 जीबी रॅम आणि एसएसडी ही आजच्या शिक्षणाची चैन नसून किमान गरज आहे, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याला दुसऱ्याचे सुधारलेले यंत्र मिळण्याची कोणतीही भरवशाची व्यवस्था आज नाही. पण हा कल विनाअट नाही. नवे यंत्र जुन्यापेक्षा वेगवान आहे एवढ्याने त्याचे मोल ठरत नाही. ते किती वर्षे वापरात राहील यावर ठरते. त्या कसोटीवर नवी मालिका अजून पूर्णपणे उतरलेली नाही.

म्हणून विकत घेणाऱ्याने, मग ते सरकार असो वा कुटुंब, चार गोष्टी मागाव्यात. रॅमची एक तरी मोकळी खाच असावी, आणि ती नसेल तर सुरुवातीलाच 16 जीबी घेण्याचा विचार व्हावा. 2025 च्या अखेरीस मेमरी चिपांचे भाव जगभर चढल्याने हे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. म्हणूनच मोकळ्या खाचेचे महत्त्व अधिक, कारण भाव उतरल्यावर पट्टी घालता येते. एसएसडी बदलता येण्याजोगी असावी. बॅटरी आणि बिजागरी हे लवकर झिजणारे भाग किमान पाच वर्षे मिळत राहतील अशी लेखी हमी असावी. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्याला दात यायचे तर लाखोंच्या घाऊक खरेदीच्या निविदांतच अशा अटी हव्यात. आणि प्रोसेसरचे नाव नव्हे, त्याची पिढी विचारली जावी.

जुन्या यंत्राच्या मालकांसाठी निर्णय यंत्राच्या वयाप्रमाणे वेगळा आहे. 2011 ते 2014 मधले 2 जीबीचे यंत्र अभ्यासाच्या मुख्य कामासाठी आता राखू नये. त्यावर खर्च केला तरी तो फार काळ फळणार नाही. 2017 नंतरचे 4 जीबीचे यंत्र मात्र एसएसडी, रॅमची एक पट्टी आणि लिनक्स घेऊन धाकट्या भावंडाच्या शाळेसाठी, टंकलेखनासाठी किंवा वाचनासाठी तीन-चार वर्षे सहज उपयोगी पडेल, आणि तो खर्च योग्य आहे. ज्याला बाजारातून घ्यायचे आहे आणि ज्याला विंडोजवाचून चालणार नाही, त्याने दोन वर्षांपूर्वीचे, मोकळी खाच असलेले आय3-1215यूवरचे मॉडेल सवलतीत मिळत असेल तर ते सोल्डर केलेल्या रॅमच्या नव्या मॉडेलपेक्षा पसंत करावे. त्याला विंडोज 11 चालते आणि ते पुढे वाढवताही येते.

काही वाचक याच माहितीवरून उलट निष्कर्षाला येतील. ज्याला दुरुस्तीचे कसब आहे, ज्याचे काम लिनक्सवर भागते किंवा ज्याला कचऱ्याची चिंता खर्चापेक्षा मोठी वाटते, त्याने जुनेच यंत्र पुढे चालवावे. त्याच्या निर्णयात काही उणे नाही. पण सार्वजनिक धोरण अशा तयारीच्या माणसावर बेतता येत नाही. ते तंजावरच्या सरकारी कॉलेजात पहिल्यांदाच लॅपटॉप उघडणाऱ्या, घरी विचारायला कुणी नसलेल्या मुलीवर बेतावे लागते. तिला नवे यंत्र मिळणे योग्य आहे. ते 2031 मध्येही उघडता, सुधारता आणि वापरता यावे, हे पाहण्याची जबाबदारी तिची नाही. ती ज्यांनी निविदा काढली त्यांची आणि ज्यांनी यंत्र बनवले त्यांची आहे.